मिळकतकराचं बिल: तीनशे वाचवले, चार हजार घालवले

आळशी_कासव | ११ मे, रात्री १०:४०

मंडळी, हा धागा अर्धा स्वतःची फजिती सांगायला आणि अर्धा माहिती गोळा करायला काढतोय.

२०२० साली पुण्यात नव्या इमारतीत फ्लॅटचा ताबा घेतला. तेव्हापासून मिळकतकराचं बिल आलं की त्याच आठवड्यात भरून मोकळा होतो. मुदतीत भरलं की सर्वसाधारण करात सवलत मिळते ना! करपात्र रक्कम २५ हजारांपर्यंत असेल तर १० टक्के, त्याच्या वर ५ टक्के. माझे दरवर्षी तीनशे-सव्वातीनशे रुपये वाचायचे आणि मी ते आठवडाभर घरात ऐकवायचो. बायको म्हणते, सवलत हा शब्द दिसला की तुझ्या अंगात येतं.

गेल्या रविवारी लिफ्टपाशी खालच्या मजल्यावरचे काका भेटले. हातात बिल. त्यांचा फ्लॅट माझ्याच मापाचा, आमच्याच खाली, ताबाही त्याच महिन्यात घेतलेला. त्यांची रक्कम माझ्यापेक्षा चार हजारांहून जास्त कमी! मी म्हटलं, काका, तुमच्या बिलात चूक झालेली दिसते, बघा नाहीतर मागाहून वसुली लावतील. काका शांतपणे म्हणाले, "चूक तुझ्यात आहे. पीटी-३ भरला होतास का?"

नव्हता भरला. बातमी वाचली होती, आपल्याला आपोआप लागू होईल असं धरून चाललो होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्वतः मालक राहत असलेल्या निवासी मिळकतीला पुण्यात १९७० पासून वाजवी भाड्यात (म्हणजे कर काढायला महापालिका धरते त्या अंदाजी भाड्यात) ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला आणि २०१९ पासून नव्या आकारणीला ती मिळेनाशी झाली. मग २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा कायम केली. पण मधल्या काळात ज्यांची आकारणी सवलतीशिवाय झाली, म्हणजे माझ्यासारखे, त्यांनी 'मी इथे स्वतः राहतो' असा पीटी-३ नमुन्यातला अर्ज पुराव्यासकट द्यायचा होता. काकांनी दिला. जास्त भरलेली रक्कमही त्यांना पुढच्या चार बिलांत वळती करून मिळाली.

मी काय केलं? तीनशे रुपयांच्या मागे धावलो.

आता प्रश्न. अर्ज आत्ता देऊन पुढची बिलं तरी सरळ होतील का? या वर्षीचं बिल आधी भरू की अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबू? आणि मुळात या बिलावरच्या दहा-बारा ओळी कुठून येतात, कुणी नीट सांगेल का? मी पाच वर्षं फक्त शेवटचा आकडा बघितलाय.

---

पावशेर_चहा | ११ मे, रात्री ११:०२

काकांना दंडवत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

निवृत्त_वसुली | १२ मे, सकाळी ६:१५

नाव वाचून ओळखलंत तर बरोबर आहे. एका नगरपरिषदेच्या कर विभागात २९ वर्षं काढली. पुण्याचा नोकरदार नाही, आता राहायला मात्र पुण्यात आहे, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगता येईल.

पहिलं म्हणजे बिल भरा. अर्ज दिला म्हणून बिल थांबत नाही. महापालिकेच्या कायद्यात थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती आहे. वर्षाचे २४ झाले. बँक एवढ्या दराने कर्ज देते म्हटलं तर तुम्ही मॅनेजरशी भांडाल. भरलेलं जास्त झालं तर पुढे वळतं होतं, पण शास्ती चढली की ती माफ करून घ्यायला अभय योजनेची वाट बघत बसावं लागतं. (अभय योजनेबद्दल माझं मत वाईट आहे. वेळेवर भरणाऱ्याच्या तोंडावर मारलेली चपराक आहे ती. असो.)

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तोच खरा महत्त्वाचा. लोक बिल खालून वर वाचतात. वरून खाली वाचा. वरच्या भागात चार गोष्टी असतात: कुणाचं नाव, किती क्षेत्रफळ, कोणता वापर आणि वार्षिक करपात्र रक्कम. खालच्या सगळ्या ओळी या चारांतून निघतात. खाली काही चुकायला वावच नसतो, तिथे नुसती टक्केवारी आहे. चूक असते ती वर.

सोपे आकडे घेऊ. ६०० चौरस फुटांचा फ्लॅट. त्या भागासाठी ठरलेला दर महिन्याला चौरस फुटाला २ रुपये धरा. महिन्याचं वाजवी भाडं १२०० रुपये, वर्षाचं १४,४००. त्यातून देखभाल-दुरुस्तीचे १० टक्के वजा. राहिले १२,९६०. ही करपात्र रक्कम. स्वतः राहत असाल आणि ४० टक्के मिळाले तर हीच रक्कम होते ७,७७६. मग सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्ष, जललाभ, मलप्रवाह अशी एकेक ओळ या रकमेच्या टक्केवारीने. ७,७७६ च्या टक्केवारीने की १२,९६० च्या, एवढाच प्रश्न. तुमची तीनशेची सवलत फक्त सर्वसाधारण कराच्या एका ओळीवर होती. ४० टक्क्यांची मुळावर असते, म्हणून सगळ्या ओळींना लागते.

---

आळशी_कासव | १२ मे, सकाळी ८:३०

काका (तुम्हीही काकाच), बिल काढून समोर ठेवलं. वापराच्या रकान्यात 'निवासी' आहे, पण सवलतीचा पत्ता नाही. पाच वर्षं हा कागद माझ्या कपाटात होता.

---

गच्चीवरचा_मोगरा | १२ मे, सकाळी ९:१०

देखभालीची वजावट पूर्वी १५ टक्के होती ना पुण्यात? आमच्या जुन्या वाड्यातल्या बिलाला होती.

---

निवृत्त_वसुली | १२ मे, सकाळी ९:४४

होती. कायद्यात १० आहे, पुण्यात १५ देत होते, तोही आक्षेपाचा मुद्दा होता. २०२३ च्या निर्णयात ४० टक्के राहिले आणि १५ चे १० झाले. मागच्या फरकाची वसुली मात्र माफ केली. म्हणून त्या वर्षी जुन्या लोकांची बिलं थोडी फुगलेली दिसली आणि सगळे म्हणाले करवाढ झाली. ती करवाढ नव्हती, वजावट घटली होती. खिशाला फरक काय म्हणा!

---

परळ_ते_पनवेल | १२ मे, दुपारी १:२०

मुंबईकर इथे गालातल्या गालात हसतायत. आमचं घर ४७० चौरस फूट. १ जानेवारी २०२२ पासून ५०० फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ. वाजवी भाडं वगैरे भानगडच नाही.

---

ठोकळा | १२ मे, दुपारी १:४१

आणि ५०५ फूटवाले रडतायत. आमच्या मजल्यावर एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण बिल. पाच फुटांनी घात केला.

बाय द वे, मुंबईत वाजवी भाडं नाहीच, २०१० पासून भांडवली मूल्यावर आकारणी आहे. रेडी रेकनरचा दर (सरकारने ठरवलेला जागेचा दर), बांधकामाचा प्रकार, वय, वापर असे गुणक लावून. त्यातल्या काही नियमांवर हायकोर्ट आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातही पालिकेच्या विरोधात निकाल लागलाय. भावी काळातल्या एफएसआयचं (जमिनीवर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेचं) मूल्य आज धरता येणार नाही, असा त्यातला एक मुद्दा होता. म्हणजे जमिनीवर उद्या वीस मजले होतील म्हणून आजच्या दोन मजल्यांवर कर लावू नका.

---

परळ_ते_पनवेल | १२ मे, दुपारी २:०५

सोसायटीत अजून एक गंमत. बऱ्याच सोसायट्यांत मालमत्ता कर मेंटेनन्समध्येच येतो, सभासद वेगळं बिल कधी बघतच नाही. माफी झाल्यावर आमच्या मेंटेनन्समधली ती ओळ तब्बल दोन तिमाह्या तशीच होती. सेक्रेटरींच्या लक्षात आलं नव्हतं आणि आमच्याही नाही. उपविधीप्रमाणे मालमत्ता कर स्थानिक प्राधिकरणाने ज्या सदनिकेला जेवढा लावला तेवढाच तिच्याकडून घ्यायचा. सरसकट सगळ्यांत समान वाटायचा नाही. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. भांडायला चांगला मुद्दा आहे, पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी राखून ठेवा.

---

दापोलीचा_आंबा | १२ मे, संध्याकाळी ७:३०

तुमच्या मिळकतकर-मालमत्ता करात आमची घरपट्टी बसते का? (आणि कोल्हापूरकर आले तर घरफाळा म्हणतील.)

गावाकडे ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही म्हणजे नमुना ८. यात घराचं माप, बांधकाम मातीचं की चिऱ्याचं की आरसीसी, मालक कोण, भोगवटादार कोण, सगळं. आता तिथेही भांडवली मूल्यावरच कर आहे, दर हजार रुपयांमागे काही पैसे अशा हिशेबाने. दर चार वर्षांनी आकारणी नव्याने होते, त्याआधी यादी लावतात आणि हरकती मागवतात. यादी लागते तेव्हा चाकरमानी मुंबईत. मग गणपतीला येतात आणि विचारतात, पडवी कधी मोजली?

मुंबईच्या लोकांना एक सूचना. 'आठचा उतारा' मागताना नीट सांगा. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा, तो घराचा. माझ्या चुलतभावाने एक अख्खी सुट्टी तलाठी कार्यालयाच्या बाहेर घालवली, हवा होता घराचा उतारा.

वसुलीचं म्हणाल तर आमच्याकडे निवडणूक लागली की घरपट्टी आपोआप वसूल होते. कर थकवलेला माणूस सदस्यत्वाला अपात्र ठरतो, त्यामुळे अर्ज भरायच्या आठवड्यात ग्रामसेवकाकडे रांग. बारा बारा वर्षांच्या पावत्या एका दिवसात फाटतात.

---

पावशेर_चहा | १२ मे, संध्याकाळी ७:५२

लोकशाहीचा एवढा थेट फायदा पहिल्यांदाच वाचला.

---

वकीलीणबाई | १२ मे, रात्री ९:२५

चांगला धागा. दोन गोष्टी स्पष्ट करते, कारण दर महिन्याला कुणी ना कुणी हे घेऊन येतं.

एक. कराची पावती हा मालकीचा पुरावा नाही. नमुना ८ सुद्धा नाही. "पण तीस वर्षं घरपट्टी आमच्या नावाने आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! कर आकारणीचं रजिस्टर कर कुणाकडून वसूल करायचा यासाठी असतं. मालकी ठरते खरेदीखत, वारसा, वाटणीपत्र, बक्षीसपत्र यांवर. पावतीचा उपयोग आहे, ताबा दाखवायला मदत होते, पण तिच्या जिवावर भावाला घराबाहेर काढता येत नाही.

दोन. घर जुनं घेत असाल तर मागची थकबाकी तुमच्या गळ्यात येते. महापालिकेच्या करांचा बोजा थेट मिळकतीवर असतो, मालक बदलला तरी. "ती त्याची थकबाकी आहे, मी का भरू?" हे म्हणायला छान आहे. विक्रेत्याकडून चालू वर्षाची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला खरेदीखताच्या आधी घ्या. नंतर नाही. नंतर तो फोन उचलत नाही.

आणि विकणाऱ्यांनीही निवांत राहू नये. हस्तांतर झाल्यावर तीन महिन्यांच्या आत महापालिकेला कळवायचं असतं. कळवलं नाही तर नोंदीत नाव तुमचंच आणि बिलाची जबाबदारीही तुमच्यावर राहू शकते. मालक वारला असेल तर वारसांनी वर्षाच्या आत कळवायचं.

---

मीनाताई_क | १२ मे, रात्री १०:१०

वारसांचं खरंय. आमचे सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, बिल अजून त्यांच्या नावाने येतं आणि आम्ही भरतो. दरवर्षी पोस्टमन हाक मारतो 'श्री. अमुक-तमुक आहेत का', आणि सासूबाई आतून म्हणतात, 'आहेत, फोटोत.' बदलायला पाहिजे कळतं, पण दोन दीर परदेशात, सह्या कोण गोळा करणार?

मी केलेला घोटाळा सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन भरताना खाते क्रमांकातला एक आकडा चुकला. पडद्यावर नाव आलं होतं, मी बघितलंच नाही, पैसे गेले. पावती आली तर वरच्या मजल्यावरच्या देसाई आडनावाच्या बाईंची! आमचं बिल तसंच. त्यांना जाऊन सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, आणखी चार वर्षं अशीच चूक करा. दुसऱ्या दिवशी पूर्ण रोख आणि एक वाटी श्रीखंड आणून दिलं. माणसं चांगली म्हणून निभावलं. तेव्हापासून पैसे भरायच्या आधी पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचते. घरचे हसतात, हसू देत.

---

एकटा_भाडेकरू_नाही | १३ मे, सकाळी १०:३५

नाजूक प्रश्न. माझा दुसरा फ्लॅट भाड्याने आहे. त्याला ४० टक्के सवलत जुन्या काळापासून चालू आहे, कारण आम्ही तिथे राहत होतो. आता आपण होऊन सांगायचं का? शेजारी म्हणतात कोण बघायला येतंय.

---

ठोकळा | १३ मे, सकाळी १०:५०

शेजारी बरोबर बोलतायत. गप्प राहा.

---

निवृत्त_वसुली | १३ मे, सकाळी ११:३०

ठोकळासाहेब, असे सल्ले देणारे शेजारी वसुलीच्या दिवशी दार लावून आत बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सवलत 'मी स्वतः राहतो' याची आहे. भाड्याने दिलं की ती नाही. तुमचा भाडेकरार नोंदवलेला असणार, म्हणजे तो सरकारदरबारी आहे. सर्वेक्षणाचा माणूस येतो तेव्हा दारात तुमचा भाडेकरू असतो आणि तो बिचारा खरं सांगतो. मग फरक मागच्या तारखेपासून निघतो आणि तो एकदम भरायचा. त्यापेक्षा कळवा, भाड्यात दोनशे-तीनशे रुपये वाढवा.

---

वकीलीणबाई | १३ मे, दुपारी १२:१५

शिवाय भाड्याच्या घराचा मिळकतकर तुम्ही भरलेला असेल तर आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. ज्या वर्षी प्रत्यक्ष भरला त्या वर्षी, आणि मालकाने भरला असेल तरच. भाडेकरूने परस्पर भरला तर मालकाला वजावट नाही. बरेच जण करारात 'सर्व कर भाडेकरू भरेल' असं लिहितात आणि हा फायदा घालवतात.

---

हडसनकाठ | १३ मे, रात्री ११:५५

अवांतर: न्यू जर्सीत आमचा प्रॉपर्टी टॅक्स तीन महिन्यांनी एकदा, फेब्रुवारी-मे-ऑगस्ट-नोव्हेंबर. निम्म्याच्या आसपास शाळांना जातो. बँकच दर महिन्याच्या हप्त्यातून कापून भरते म्हणून दुःख जाणवत नाही. आकारणी जास्त वाटली तर १ एप्रिलच्या आत अपील करायचं. मी केलं होतं, शेजारच्या तीन घरांच्या विक्रीच्या किमती जोडून. थोडं कमी झालं. तिथलं एक वर्षाचं बिल इथे लिहीत नाही, कासव यांना आपलं चार हजारांचं दुःख लहान वाटेल.

---

आळशी_कासव | १४ मे, सकाळी ८:०५

लिहू नका. मला माझं दुःख पूर्ण आकारात हवंय.

पण शेजारच्या घराशी तुलना करायची ही युक्ती इथेही चालली की. मला काकांच्या बिलानेच जाग आणली.

---

सातारी_कंदी | १४ मे, दुपारी ३:४०

माझा किस्सा वेगळा आहे. शहराचं नाव सांगत नाही. आमचं बैठं घर, मागे पत्र्याची शेड. फेरआकारणीत ती शेड 'बांधकाम, वापर बिगरनिवासी' अशी लागली. आत काय आहे? वडिलांची एम-८० आणि सरपण. बिल जवळपास दुप्पट. वडील म्हणाले, गाडी बंद आहे आणि तरी धंदा चालू आहे असं म्हणतायत.

नोटीस आली होती म्हणे. ती आली तेव्हा आम्ही लग्नाला गेलो होतो, शेजाऱ्यांनी घेतली आणि डब्यावर ठेवून विसरले. हरकतीची मुदत गेली. आता काय करावं?

---

निवृत्त_वसुली | १४ मे, संध्याकाळी ५:००

हे ऐकून वाईट वाटलं, कारण टेबलाच्या पलीकडे मीच बसायचो. विशेष नोटीस आली की हरकत त्या मुदतीतच. आकारणी कायम झाली की तिला हलवणं अवघड असतं. तरी पुढचं करा.

शेडचे फोटो काढा, आतून आणि बाहेरून, दार उघडं ठेवून. टेपने माप घ्या आणि कागदावर हाताने आकृती काढा, लांबी-रुंदी लिहा. दुकानपरवाना नाही, व्यावसायिक वीजमीटर नाही, हे दाखवायला वीजबिलाची प्रत जोडा. घरगुती दराचं वीजबिल हा उत्तम साक्षीदार असतो. अर्जात रडगाणं नको. 'वापर चुकीचा नोंदवला आहे, स्थळपाहणी करावी' एवढंच मागा. पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही दिलेलाच नाही.

पाहणीला माणूस आला की घरातल्या मोठ्यांनी हजर राहावं आणि चहा द्यावा. चहाने कर कमी होत नाही, पण माणूस बसतो, आणि बसला की टेप काढतो. नाहीतर दारातूनच अंदाज लिहून जातो. मीही लिहिलेत, खोटं कशाला बोलू? मार्च महिन्यात दिवसाला चाळीस घरं असायची.

---

वकीलीणबाई | १४ मे, संध्याकाळी ६:२०

तुमचं शहर महापालिका असेल तर आकारणीविरुद्ध न्यायालयात अपील आहे, पण मुदत जेमतेम १५ दिवसांची आणि वादातला कर आधी भरावा लागतो. नगरपरिषदेला कायदा वेगळा. दोन्हीकडे 'अन्याय झाला म्हणून भरणारच नाही' हा पवित्रा महागात पडतो. भरताना 'हरकत राखून भरत आहे' असं लेखी द्या आणि भांडत राहा.

---

सातारी_कंदी | १४ मे, संध्याकाळी ६:५८

मनापासून आभार. वीजबिलाचं डोक्यातच आलं नव्हतं. एम-८० चा फोटोही जोडतो.

---

गच्चीवरचा_मोगरा | १५ मे, सकाळी ७:२०

सोसायटीवाल्यांसाठी एक: पुण्यात सोलर, पर्जन्यजलसंधारण, गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत मिळते. 'चालू' या शब्दावर जोर आहे. आमच्या गच्चीवरचे सोलर बंब दोन वर्षं गळत होते, पाहणीत निघालं आणि सवलत गेली. खतटाकीत तर गांडुळांऐवजी कुणीतरी जुन्या टाइल्स ठेवल्या होत्या.

---

माजी_हवालदार | १५ मे, सकाळी ९:०२

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांनाही एका घराची कर माफी आहे, शहरात आणि गावातही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. गावात सहा जणांना मी स्वतः करून दिली. एक जण म्हणाला, साहेब, आता पावती मिळणार नाही का? त्याला पावतीची सवय होती.

---

समाविष्ट_गावकरी | १५ मे, रात्री ८:३३

आमचं गाव २०२१ च्या २३ गावांमध्ये महापालिकेत गेलं. ग्रामपंचायत असताना घरपट्टी हजाराच्या आत होती. आता पाण्याचा टँकर आम्ही विकत घेतो, आणि बिलावर जललाभ कराची ओळ बघतो. लाभ कुठे आहे तेवढा पत्ता द्या. मला टक्केवारी समजली, वरून खाली वाचायचं समजलं, पण त्या एका ओळीपाशी आलो की पुढे वाचवत नाही.

---

निवृत्त_वसुली | १५ मे, रात्री ९:१५

याला माझ्याकडे उत्तर नाही. समाविष्ट गावांत कर एकदम पूर्ण दराने लावत नाहीत, टप्प्याटप्प्याने चढवतात, एवढं कायद्यात आहे. पण टप्पे कराचे ठरलेत, पाण्याचे नाही. तुमचा राग रास्त आहे.

---

आळशी_कासव | २३ जुलै, रात्री ९:५०

अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय.

या वर्षीचं बिल लगेच भरलं (सवलतीसकट, सवय जात नाही). दुसऱ्या दिवशी पीटी-३ अर्ज घेऊन संपर्क कार्यालयात गेलो. सोसायटीचं 'हे गृहस्थ इथेच राहतात' असं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, शहरात दुसरं घर नसल्याचं निवेदन आणि २५ रुपये शुल्क. सोसायटीचं पत्र मिळवायला सगळ्यांत जास्त दिवस लागले, कारण सेक्रेटरींना खालच्या मजल्यावरच्या काकांनी आधी माझी गोष्ट सांगितली होती आणि ते प्रत्येक वेळी ती पुन्हा ऐकायचे. आवक क्रमांक मागून घेतला, निवृत्त_वसुली यांची आठवण काढून.

पाहणीला एक तरुण मुलगा आला. चहा दिला. तो बसला. टेप काढला. हॉलचं माप घेतलं, मग बाल्कनीचं, आणि म्हणाला क्षेत्रफळ बरोबर आहे. स्वयंपाकघरात आईने लावलेलं लोणचं उन्हात ठेवलं होतं, ते बघून म्हणाला, "राहता हे दिसतंयच."

काल संकेतस्थळावर नोंद बघितली. सवलत लागली आहे! पुढचं बिल ४० टक्के धरून येईल. मागच्या वर्षांचं काय होतं ते विचारायला परत जायचंय, ते कळलं की लिहीन.

खुशीत बायकोला फोन दाखवला. करपात्र रक्कम वाचून दाखवली, वरून खाली, शिकवल्याप्रमाणे. ती म्हणाली, "पहिली ओळ परत वाच." वाचली. मालकाच्या रकान्यात फक्त माझं नाव. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, हप्ता निम्मा ती भरते. २०२० मध्ये आकारणीचा अर्ज मी भरला होता. माझ्याच अक्षरात एकच नाव लिहिलंय.

वकीलीणबाई, दुसरं नाव लावायला काय कागद लागतात? जरा तातडीचं आहे.

---

वकीलीणबाई | २३ जुलै, रात्री १०:०४

नोंदणीकृत करारनाम्याची आणि सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, दस्तनोंदणीचा उतारा) ची प्रत, ओळखपत्रं आणि अर्ज. या वेळी अर्ज त्यांना भरू द्या.